काकवीचा लेप

२४ नोव्हेंबर २००२, रविवार

काल पुण्याहून येताना चाकणच्या पुढे गतिरोधकावर व्हॅन आपटली. आपटली म्हणजे मीच आपटली, दुसरं कोण चालवतंय? तिथून घरापर्यंत फटफट, फटफट. ट्रॅक्टर परवडला. पारगावात शिरलो तर माणसं ओट्यावरून उठून बघायला लागली. हे शेजारच्या सीटवर डोळे मिटून. म्हटलं झोपलात का? तर म्हणाले, "गप. ऐकू दे." दोन मिनिटांनी निकाल. "मागचा पाइप फुटलाय. सायलेन्सरच्या डब्याच्या ईतभर अलीकडं. पुढचा जॉइंट ठणठणीत हाय." खाली न वाकता, न बघता. साखर कारखान्यात तीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस, कानानं पाइप बघतो.

आज सकाळी गोणपाट अंथरून मी व्हॅनखाली सरकले. डब्याच्या वीतभर अलीकडेच भोक. दोन बोटं जातील एवढं. मानलं बुवा. आत येऊन सांगितलं तर खूश होऊन हसले, हसण्याचा खोकला झाला, खोकला अर्धा तास. डॉक्टर काल म्हणालेच, फुफ्फुस अजून आकसलंय. रात्रीचा ऑक्सिजन सोडायचा नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

शाळा सुटल्यावर मंचरला गॅरेजवर. गॅरेजवाला खाली गेला, बाहेर आला, हात पुसत माझ्या मागे बघायला लागला, बरोबर कुणी पुरुषमाणूस आहे का म्हणून. म्हटलं, "मी एकटीच आहे. मलाच सांगा." तेव्हा म्हणाला, "बाई, अख्खा सेट बदला. पाइप पार कुजलाय. टाका मारायला गेलं तर बाजूचा पत्रा गळून पडंल. लई हुशार हात पायजे त्याला."

नव्या सेटची किंमत म्हणजे यांचे दोन महिन्यांचे सिलिंडर. जुना बघून आणला तरी एका महिन्याचे गेले. किंमत ऐकली, बरं म्हटलं, फटफटत घरी आले.

पगार माझा एकटीचा. पुढे लिहीत नाही, लिहायला घेतलं की राग येतो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

दत्तूचं नाव काढलं. काढायला नको होतं.

दत्तू यांच्या हाताखाली अकरा वर्षं होता. रॉड धरायचा कसा, इथपासून यांनी शिकवलं. आता कारखान्याच्या फाट्यावर त्याचं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान आहे. मी रोज तिथूनच शाळेत जाते, तो मान खाली घालतो. तीन वर्षांपूर्वी यानंच जाऊन साहेबाला सांगितलं, मिस्त्रींचा हात थरथरतोय, उंचावरचं काम देऊ नका. साहेबानं यांना स्टोअरला बसवलं, नटबोल्ट मोजायला. वर्षाच्या आत यांनी राजीनामा दिला. हात थरथरत होता, हे खरंच होतं. तेच तर यांना सोसलं नाही.

"माझ्या गाडीला त्याचा टाका? त्यापरीस गाडी इकून टाक."

मग मी पण ऐकून घेतलं नाही. "विका. पाठुंगळी घेऊन जाते तुम्हाला पुण्याला." एसटीची पायरी यांना चढवत नाही, हे दोघांनाही माहीत. दोघंही नीट जेवलो नाही. मेथी फुकट गेली.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी उठून बघते तर हे अंगणात. मागच्या खोलीतलं जुनं वेल्डिंग मशीन यांनी एकट्यानं दारापर्यंत ओढून आणलेलं. दहा पावलं असतील. किती वेळ लागला असेल देव जाणे. (देव मानत नाही आम्ही, पण तोंडात बसलंय ते बसलंय.) घामानं सगळा बनियन ओला. मी ओरडणार होते. तोंड बघितलं आणि नाही ओरडले.

मागचं चाक दगडांवर चढवलं. हे गोणपाटावर उताणे झाले, एका हातात वेल्डिंगची काच, एका हातात रॉड. मी बॅटरी धरून. पहिली ठिणगी उडाली तशी घरातली ट्यूब मिणमिणली. बोटभर टाका बसला. सुरेख बसला. मला म्हणाले, "बघितलास?" आणि तिथंच श्वास अडकला. हात असा उडायला लागला की रॉड पाइपाला चिकटला. ओढून काढताना पत्र्याचा तुकडाच निघाला. भोक होतं त्याच्या दुप्पट झालं.

मशीन बंद केलं. म्हटलं या बाहेर. येईनात. खाली वाकले तर तोंडावर काच तशीच धरलेली. मी काढायला गेले तर काढू देईनात. पाच मिनिटं काचेआड तसेच पडून राहिले. मी पण मग तिथंच मातीत बसले. शेजारची भागी ओट्यावरून बघत होती, बघू दे.

३ डिसेंबर, मंगळवार

घोडेगावला पंचायत समितीत रजेच्या अर्जासाठी. व्हॅन आवारात शिरली तशा खिडक्यांतून माना बाहेर. क्लार्क म्हणतो, "बाई, विमान उतरलं वाटतं तुमचं!" सगळे हसले. मी पण हसले, म्हटलं हो, बसा, तुम्हाला जुन्नरला सोडते. रजा अर्ध्या पगारी मिळेल म्हणाले.

परत येऊन गाडीत बसले आणि रडू आलं. किल्ली फिरवली म्हणजे आवाजात कुणाला कळत नाही. फुटक्या सायलेन्सरचा एवढा एक फायदा.

६ डिसेंबर, शुक्रवार

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हे दादरला गेले नाहीत. सकाळी दाढी केली, पांढरा शर्ट घातला, बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि खुर्चीत बसून राहिले. वंदना मी म्हटली, हे नुसते ओठ हलवत. विहारातली मंडळी काल रात्रीच टेम्पोनं निघाली. जाताना दारावरून हाक मारली, "मिस्त्री, येता का?" सवयीनं मारली. नंतर त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

हे म्हणाले, "पुढल्या वर्षी." मी हो म्हटलं.

८ डिसेंबर, रविवार

चहाच्या आधीच हाक. "बाई, काकवी हाय का घरात?" हे मला बाईच म्हणतात. सगळं गाव म्हणतं म्हणून चेष्टेत सुरू केलं, त्याला बावीस वर्षं झाली. आता नावानं हाक मारली तर मी दचकेन.

यांचे वडील गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचे. एवढी मोठी भट्टी, हंगामात तडकायचीच. मग चुना, राख आणि काकवी कालवून तडा लिंपायचे. "दगूड व्हतो त्याचा. टिकाव मारला तरी निघत न्हाई." भट्टीला चालतं ते सायलेन्सरला का चालू नये, असं यांचं म्हणणं. मला पटलं. खरं सांगायचं तर यांच्या तोंडावर आज जे काही होतं, त्यापुढे काहीही पटलं असतं.

काकवी गुऱ्हाळावरून आणली, चुना भागीकडून, राख घरची. यांनी अंगणात खुर्ची मांडून घेतली, मांडीवर शाल, आणि मुकादमकी सुरू. "पाणी लावू नको. काकवीतच मळ. अजून घट्ट. पुरणपोळीच्या कणकेगत पायजे." म्हटलं जन्मात कधी कणीक मळली आहे का? "खाल्ल्यात किती पोळ्या, ते तर मोजशील?"

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पाइपाला गुंडाळला, तारेनं आवळला. तारेखाली पत्रा भोकात थोडा दबला, तो वर ओढून काढता येईना. हे म्हणाले राहू दे. मग वरून लेप. मी खाली उताणी. हे वरून, "अंगठ्यानं दाब. बोटाचा ठसा उठला पायजे. उठला का? आता दुसरा थर." चुन्यानं हाताच्या भेगा अशा झोंबल्या की डोळ्यांत पाणी. दोनदा विचारलं, पुढचा जॉइंट पण बघू का आलेच आहे खाली तर. "कशाला? सांगितलं न्हवं, ठणठणीत हाय. उगं खुटूखुटू करू नको." मग नाही बघितला.

दुपारी दोघं अंगणातच जेवलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांनी मिळून एक काम केलं असं आजचंच आठवतं. हे कारखान्यात, मी शाळेत, असंच सगळं गेलं. मला आज फार बरं वाटलं. लिहून ठेवते.

१० डिसेंबर, मंगळवार

लेप वाळला. चालू केली आणि आवाज गायब! यांना बसवून कारखान्याच्या गेटापर्यंत चक्कर. उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, तिच्या मागे अर्धा तास. इंजिन तापलं तसा लेपाचा वास सुटला. थेट गुऱ्हाळाचा, ताज्या गुळाचा. हे डोळे मिटून बसलेले. "माझा बाप आला बघ गाडीत," म्हणाले.

परत येताना दत्तूच्या दुकानावरून मुद्दाम हळू घ्यायला लावली. गाडी गप आहे हे त्याला कळावं म्हणून. लहान पोरासारखं! पण घेतली हळू.

संध्याकाळी माझं डोकं ठणकत होतं. शाळेतला गोंगाट, दुसरं काय. शनिवारी पुणे.

१६ डिसेंबर, सोमवार. पुणे, दवाखाना

परवा लिहिता आलं नाही.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. धुकं असं की दिवा लावून पण दहा हात दिसेना. यांना थंडी बाधते, म्हणून काचा पार वरपर्यंत बंद, फटीत जुनी साडी कोंबली. मी कोंबली. मंचरच्या पुढे गुळाचा वास भरून राहिला. मी म्हटलं थोडी काच उघडू का, कोंदट होतंय. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. वास जाईल." मग बोलणं कमी झालं. मान खिडकीला टेकली. मला वाटलं झोपले. किती दिवसांनी न खोकता झोपले, म्हणून मी हळू चालवत होते. झोपमोड नको म्हणून!

खेडच्या घाटात माझंच डोकं जड झालं. दिवे दोन-दोन दिसायला लागले. उतारावर एक टपरी होती, तिथं कशीबशी थांबवली आणि दार उघडून ओकले. टपरीवाला पाणी घेऊन आला, व्हॅनमध्ये वाकून बघितलं आणि ओरडला, "बाई, आत केवढा धूर! पावण्यांना बाहेर काढा आधी!" मी म्हटलं धूर नाही, तो गुळाचा वास आहे. म्हणाले मी तसं. अजून ऐकू येतंय मला माझंच बोलणं.

हे उठेनात. टपरीवाल्यानं आणि एका ट्रकवाल्यानं बाकड्यावर निजवलं. ओठ निळे नव्हते, उलट गाल लाल. चांगले दिसत होते. एका जीपवाल्यानं खेडला नेलं, तिथं ऑक्सिजन लावला, तिथून ॲम्ब्युलन्सनं इथं. दुपारी डोळे उघडले. मला बघून म्हणाले, "आलं का पुणं?"

१७ डिसेंबर, मंगळवार

शनिवारी इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, असं अचानक कसं झालं. मी म्हटलं थंडी लागली. धूर म्हणाले नाही. का नाही म्हणाले? लाज वाटली. सायलेन्सरला काकवी फासली हे त्या पोरीएवढ्या डॉक्टरणीला कसं सांगायचं? तीन दिवस जीभ उचलली नाही माझी.

आज सांगितलं. सगळं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "गाडीच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. गुळाचा वास होता म्हणून तुम्हाला बाकीचा धूरही कळला नाही. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं." मी विचारलं, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर? म्हणाल्या, ऑक्सिजन चालूच होता. आणि पेन परत उचललं.

चौथीला हवा हा धडा मी बावीस वर्षं शिकवतेय.

२६ डिसेंबर, गुरुवार

घरी आणलं. मनीषा पण आली आहे चार दिवस. जावयांनी सुट्टी दिली म्हणते, जशी काही नोकरीच.

आधी रात्रीचा लागायचा, आता दिवसभर ऑक्सिजन. नळी काढली की दहा मिनिटांत घाबरे होतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुफ्फुस आधीच थोडं राहिलं होतं. त्यातलं आजारानं किती गेलं आणि धुरानं किती, ते सांगता येत नाही. कुणालाच नाही सांगता येणार. म्हणजे ते आता माझ्याकडेच राहिलं.

व्हॅन दारात उभी! मी तर तिला टपरीवरच सोडून गेले होते. भागीनं सांगितलं, दत्तूला गावात कळलं तसा तो एसटीनं खेडला गेला, चारी काचा उघड्या टाकून कुडकुडत घेऊन आला. किल्ली भागीकडे ठेवली आणि गेला.

२९ डिसेंबर, रविवार

मनीषाला यांच्यापाशी बसवून दत्तूच्या दुकानावर गेले. उपकार मानायला गेले होते. त्यानं स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला, मग किती वेळ हातातला पाना फिरवत बसला.

"बाई, खेडला मी गाडी खालनं बघितली. तुमच्या लेपाचा काय दोष न्हाई. फोडायला मला छिन्नी लागली, इतका घट्ट."

"मग?"

"पुढं इंजिनापाशी जॉइंट हाय ना, तुमच्या सीटच्या बरुबर खाली, त्याचं पॅकिंग गेलंय. आजचं न्हाई, जुनं. मागं भोक व्हतं तवर धूर मागनंच पळायचा. तुमी भोक बुजवलं, वर पत्रा आत दबलेला, पाइप निम्मा तुंबला. मग धूर पुढनं फुटला. सीटखालनं आत."

मी म्हटलं, पण हे म्हणाले पुढचा जॉइंट ठणठणीत आहे. ऐकून सांगितलं होतं यांनी.

दत्तू खाली बघत म्हणाला, "बारीक शिट्टी वाजत व्हती बाई. गाडी आणताना मला आली ऐकू. मिस्त्रींना यायला पायजे व्हती." मग पाना खाली ठेवून, "त्यांना सांगू नका. एकदा मी खरं सांगितलं व्हतं. चुकलो असं न्हाई म्हणत. पण तवापासनं त्यांनी मला दारात उभा क्येला न्हाई, आन त्यांचा हात मातूर तवाच गेला. आता कान तरी ऱ्हाऊ द्या."

चहा तसाच राहिला. घरी येताना एकच डोक्यात. शिट्टी मला ऐकू आली होती का? आली असेल. मी खाली होते, हातभर पुढे सरकून बघायचं होतं फक्त. वर्गात पोरांना ओरडते, सांगितलं म्हणून मान्य करू नका, स्वतः बघा. आणि मी नवऱ्यानं नको म्हटलं म्हणून बघितलं नाही.

१ जानेवारी २००३, बुधवार

मनीषा सकाळी गेली.

दुपारी यांनी विचारलंच. "लेप सुटला का गं?"

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "हो. सुटला. माझ्या हाताचा कच्चा राहिला."

वाटलं होतं त्यापेक्षा सहज आलं तोंडातून. आणि मग यांना काय तेज चढलं! "तरी मी म्हणत व्हतो! चुना जास्त घातला असशील. वंजळभर म्हणलं व्हतं मी, वंजळभर! शिकलेल्या बायांना सांगून काय उपेग..." दोन-दोन शब्द बोलायचे, दम घ्यायचा, पुन्हा बोलायचं. चांगली दहा मिनिटं झाडली मला. मी मान खाली घालून ऐकलं. एरवी एक शब्द ऐकून घेणारी नाही मी.

शेवटी म्हणाले, "लिवून ठेव. पुढल्या टायमाला चुकू नको." लिहिते. चुना एक ओंजळ. राख दोन. काकवी मावेल तेवढी.

५ जानेवारी, रविवार

यांच्या कानावर घातलं, गाडी दत्तूनं आणून ठेवली. म्हणाले, "आता तुझ्या लेपावर भरवसा न्हाई. बोलव त्याला."

दत्तू आला. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा. एरवी सगळ्या गावाला राम राम घालणारा, आज म्हणाला, "जय भीम, मिस्त्री." हे म्हणाले, "आत ये की. का पत्रिका पाठवू?" दत्तू कॉटशेजारी खालीच बसला. हे त्याचा हात उलटासुलटा करून बघत राहिले, भाजल्याचे डाग. "हातमोजे घालत न्हाईस." "न्हाई मिस्त्री." "गाढवा."

पाइपाचा तेवढा तुकडा त्यानं कापून टाकला, दुकानातला जुना पण जाड पाइप आणला होता तो जोडला. पुढचं पॅकिंग पण गुपचूप बदललं. पैसे विचारले तर हात जोडले. हे तोवर झोपून गेले होते. गाडी चालू करून बघितली तेव्हा दत्तू खिडकीकडे बघत होता. म्हणाला, "जागे असते तर बरं झालं असतं."

९ जानेवारी, गुरुवार

आज पुन्हा विचारलं. "लेप सुटला का गं?"

परवा विचारलं, काल विचारलं, आज. मला आधी वाटलं टोचून बोलतात. तसं नाही. खरंच आठवत नाही. रविवारी दत्तू येऊन गेला ते पण काल विसरले होते. फोनवर डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, त्या धुराचं पण असू शकतं.

म्हणजे मला रोज नव्यानं कबूल करायचं. माझ्या हाताचा कच्चा राहिला. रोज नव्यानं ओरडून घ्यायचं. आज ओरडायला पण दम पुरला नाही. "चुना..." म्हणाले आणि हातानंच दाखवलं. मी पुरं केलं, "जास्त झाला."

१२ जानेवारी, रविवार

आज जरा हुशारी होती. दोन घास भात जास्त गेला. दुपारी म्हणाले, "गाडी चालू कर. दत्तूचा टाका ऐकू दे."

खिडकी उघडून दिली, उशी लावून बसवलं, नळी सरळ केली. बाहेर जाऊन किल्ली फिरवली. कट् झालं. पुन्हा फिरवली, मग कट् पण नाही. आठवडाभर उभीच, थंडीत बॅटरी उतरलेली. पाच-सहा वेळा फिरवून बघितली. काही नाही. आता हे पण आत जाऊन सांगायचं, म्हणून उतरले.

आत आले तर डोळे मिटलेले, हात थोडा वर धरलेला. "गप," म्हणाले. "ऐकू दे."

मी दारातच थांबले. बाहेर कुठं ट्रॅक्टर नाही, गाडी नाही. भागीच्या कोंबड्या तेवढ्या.

मग मान हलवली. "झ्याक. मागं बी झ्याक, पुढं बी झ्याक. येक फुसकी न्हाई. हात बसला पोराचा." तोंडावर इतकं समाधान होतं. "बंद कर आता, पेट्रोल जळतंय."

मी परत बाहेर गेले. व्हॅनमध्ये बसले. गाडी बंद करायला लागेल तेवढा वेळ बसले, मग जरा जास्तच बसले. आत येऊन म्हटलं, "केली बंद."

शनिवारी पुण्याला दाखवायचंय. मनीषा म्हणते ॲम्ब्युलन्स बोलव. हे म्हणतात घरची गाडी असताना कशाला, आता तर नवी केल्यागत झाली. मी अजून कुणालाच काही बोलले नाही. उद्या यांचा डोळा लागला की दत्तूला बोलवायचं आणि बॅटरी काढून चार्जिंगला पाठवायची. आवाज न करता.